घरांतील मनी-प्लँट आणि त्याची निगा

कराडच्या कोणत्याहि पेठेंतून सहज फेरी मारली, तरी जागोजाग खिडकीच्या गजांतून, जिन्याच्या कठड्यावरून किंवा दुकानांतील गल्ल्यामागच्या फळीवरून हिरव्या-पिवळ्या पानांचा एक वेल खालीं लोंबत असलेला दिसतो. जुन्या वाड्याच्या सोप्यांत तो आहे, नव्या इमारतींतील बैठकीच्या खोलींत आहे, दवाखान्यांत आहे आणि वकिलांच्या कचेरींतहि आहे. त्याला रूढ असें मराठी नांव नाहीं. सर्वजण त्यास मनी-प्लँट म्हणतात. आणि नांवांतच पैसा असल्यामुळें त्याची जोपासना झाडाच्या स्वभावाकडे पाहून न होतां नशिबाकडे पाहून होते. तो फोफावला म्हणजे घरांत बरकत येणार, आणि सुकला म्हणजे कांहीं तरी बिनसलें, असें समजण्याची चाल पडली आहे. वस्तुतः तो सुकतो, किंवा त्याच्या पानांवरचे सोनेरी पट्टे नाहींसे होऊन तीं निव्वळ हिरवीं होतात, याचीं कारणें अगदीं साधीं असतात. तीं बहुधा खिडकीपासूनचें अंतर आणि हातांतला पाण्याचा तांब्या या दोहोंत सांपडतात. शिवाय या वेलामुळें घरांत पैसा येवो वा न येवो, तो ज्या बाटलींत ठेवलेला असतो तिच्यांतील पाण्यामुळें घरांत ताप मात्र येऊं शकतो. ही गोष्ट नशिबाच्या गोष्टीहून अधिक महत्त्वाची असल्यामुळें तिच्याकडे पुढें विस्तारानें वळावयाचें आहे.

हा वेल मूळचा आपल्या देशांतला नव्हे. पॅसिफिक महासागरांत ताहितीच्या शेजारीं मोरेआ नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथील दमट रानांत तो मोठमोठ्या वृक्षांवर चढत असतो. १८८० सालीं युरोपांतील वनस्पतिप्रेमी मंडळींनीं त्याचें प्रथम शास्त्रीय वर्णन केलें आणि त्यास पोथॉस ऑरियस असें नांव दिलें. ऑरियस म्हणजे सोनेरी. पुढें शास्त्रज्ञांनीं त्याला एका गणांतून दुसऱ्या गणांत फिरवीत नेलें, आणि १९६० नंतरच्या दशकांत एपिप्रेम्नम ऑरियम हें आजचें नांव कायम झालें. ही फिरवाफिरव होण्याचें कारण मोठें गमतीचें आहे. वनस्पतीचें कूळ ठरवावयाचें तें मुख्यतः तिच्या फुलावरून. आणि हा वेल जवळजवळ कधींच फुलत नाहीं. लागवडींतील वेलाला आपोआप फूल आल्याची शेवटची माहीत असलेली नोंद १९६४ सालची आहे. २०१६ सालीं हाँगकाँग येथील संशोधकांनीं याचा उलगडा केला. फुलण्यासाठीं जिबरेलिन नांवाचें जें द्रव्य लागतें, तें घडविणारा एक जनुक या वेलांत नीट काम करीत नाहीं. तें द्रव्य बाहेरून फवारल्यावर वेलाला कळ्या आल्या. आतां फूल नाहीं म्हणजे बीं नाहीं, आणि बीं नाहीं म्हणजे मोरेआपासून कराडपर्यंत हा वेल जो येऊन पोंचला, तो फांदीमागून फांदी छाटून, एका हातांतून दुसऱ्या हातांत देत आला आहे. कोणाच्याहि खिडकींतील मनी-प्लँट हा दुसऱ्या कोणाच्या तरी मनी-प्लँटचा तुकडाच होय.

त्याचे भाऊबंद मात्र आपल्याला परके नाहींत. परसांतील अळू आणि बाजारांतील सुरण हे त्याच्याच कुळांतले. सह्याद्रीच्या झाडींत खोडाला मुळ्यांनीं घट्ट धरून चढणारा गणेशकंद हाहि त्याचा जवळचा नातलग. पावसाळ्यांत कोयनेच्या बाजूला जाणाऱ्यांनीं तो पाहिला असेल. या नात्याकडे लक्ष दिलें म्हणजे मनी-प्लँटच्या पुष्कळ संवयी समजूं लागतात. तो मोठ्या झाडांच्या सावलींत वाढणारा, गळून येणाऱ्या उजेडावर जगणारा, हवेंतील दमटपणा आवडणारा, आणि मुळांशीं पाणी सांचलेलें मात्र न खपणारा वेल आहे. झाडाच्या बुंध्यावर वर वर चढत असतां त्याचीं पानें मोठीं होत जातात; रानांत तीं दोन-तीन फूट लांब होऊन कडेनें फाटतातहि. तोच वेल फळीवरून खालीं सोडला म्हणजे पानें तळहाताएवढीं राहतात आणि पुढें पुढें तर त्याहून लहान होतात. लोंबता वेल दिसावयास सुंदर दिसतो यांत शंका नाहीं. परंतु ज्यांस मोठीं पानें पाहिजेत त्यांनीं कुंडींत एक काठी रोवून तिच्यावर नारळाचा काथ्या गुंडाळावा, तो ओला ठेवावा, आणि वेलाला वर जाऊं द्यावें. खतानें जें होत नाहीं तें काठीनें होतें.

आतां पानावरच्या रंगाविषयीं. पुष्कळांची समजूत अशी कीं हे पिवळे-पांढरे पट्टे म्हणजे साडीच्या बुट्ट्यांसारखी निव्वळ शोभा होय. पण पानाचा हिरवा भाग आणि पिवळा किंवा पांढरा भाग यांत फरक केवळ रंगाचा नाहीं. पान हिरवें दिसतें तें हरितद्रव्यामुळें. आणि हवा, पाणी व प्रकाश यांपासून वेलाचें अन्न तयार करण्याचें काम हेंच हरितद्रव्य करतें. पिवळ्या भागांत तें थोडें असतें, पांढऱ्या भागांत जवळजवळ नसतें. म्हणजे पांढरा भाग स्वतः कमवीत नाहीं. हिरव्या भागानें मिळविलेल्या अन्नावर तो जगतो. ज्या घरांत मिळकत भरपूर आहे तेथें चार माणसें बसून खाऊं शकतात. मिळकत आटली म्हणजे प्रत्येकाला कामाला लागावें लागतें. वेलाचेंहि तसेंच. भरपूर उजेडांत असलेल्या वेलाला सोनेरी पट्टे परवडतात. अंधाऱ्या कोपऱ्यांत नेऊन ठेवलेल्या वेलाचीं नवीं पानें अधिकाधिक हिरवीं निघूं लागतात, दोन पानांमधील अंतर वाढतें, आणि वेल दोरीसारखा बारीक होऊन उजेडाच्या दिशेनें धांवूं लागतो. माणसाला वाटतें, वेल जोरांत वाढतो आहे. खरें पाहतां तो उजेड शोधीत असतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. एकदां पूर्ण उमललेल्या पानावरचा नकाशा पुढें फारसा बदलत नाहीं. जो फरक पडावयाचा तो नव्या पानांत पडतो. म्हणून आज वेल खिडकींत आणला आणि आठवड्यानें पाहिलें तर कांहीं दिसणार नाहीं. एक-दोन महिने जाऊं द्यावे आणि शेंड्याकडचीं नवीं पानें पाहावीं. घरांतील उजेड पुरेसा आहे कीं नाहीं हें त्या शेंड्याइतकें खात्रीनें कोणी सांगणार नाहीं.

कोणी म्हणेल, आमच्या बैठकींत उजेड चांगला आहे. या बाबतींत मनुष्याचा डोळा हा अगदीं अविश्वासू साक्षीदार आहे. प्रकाश कमी झाला कीं डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि मग मंद उजेडहि आपल्याला पुरेसा वाटतो. प्रकाश मोजण्याचें जें लक्स नांवाचें माप आहे त्या मापानें दुपारचें उघडें ऊन १ लाखाच्या आसपास भरतें. आणि ज्या खोलींत आपण सुखानें बसून बोलतों तिच्या आंतल्या भागांत पुष्कळदां दोनतीनशें लक्सच उजेड असतो. म्हणजे जेथें आपल्याला थोडासाच फरक वाटतो तेथें प्रत्यक्षांत शेंकडों पटींचा फरक असतो. यंत्रावांचून परीक्षा करावयाची असेल तर भर दिवसां, दिवा न लावतां, वेलाच्या जागीं एक कोरा कागद धरावा आणि त्याच्यावर वीतभर अंतरावर हात धरावा. हाताची सांवली स्पष्ट, कडा दिसतील अशी पडली तर जागा उत्तम. पुसट पडली तर वेल जगेल, पण रंग टिकणार नाहीं. सांवली पडलीच नाहीं तर तेथें वेल न ठेवतां चित्र टांगावें हें बरें.

परदेशांतील पुस्तकांत अमुक दिशेच्या खिडकींत झाड ठेवा असें लिहिलेलें असतें, तें जसेंच्या तसें कराडांत लागू पडत नाहीं. कराड सुमारें १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत माध्यान्हीचा सूर्य येथें डोक्याच्या किंचित् उत्तरेस असतो. म्हणून उत्तरेची खिडकीहि या दिवसांत अगदीं थंड राहत नाहीं. थंडींत सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेच्या खिडकींतून ऊन खोलींत लांबवर शिरतें. सर्वांत चांगली ती पूर्वेची खिडकी. सकाळचें कोंवळें ऊन या वेलाला मानवतें. पश्चिमेची खिडकी मात्र चैत्र-वैशाखांत वैरीण समजावी. तिसऱ्या प्रहराचें ऊन थेट पडलें कीं प्रथम पांढरे भागच करपतात, त्यांवर तपकिरी, कागदासारखे कोरडे डाग पडतात, आणि ते पुन्हां भरून येत नाहींत. अशा खिडकीला पातळ पडदा लावावा किंवा वेल तीन-चार फूट आंत घ्यावा. जुन्या वाड्यांच्या माजघरांत दोन्ही बाजूंनीं भिंती आणि वर माळा असल्यामुळें तेथें हा वेल लावण्याचा हट्ट धरूं नये. सोपा किंवा ओसरी हीच त्याची जागा.

सोनेरी जातीशिवाय आणखी एक जात अलीकडे रोपवाटिकांतून पुष्कळ मिळूं लागली आहे. तिला मार्बल क्वीन म्हणतात. हिच्या पानावर पांढरा रंग संगमरवरासारखा शिंपडलेला असतो. वर सांगितलेल्या हिशेबावरून हें उघड आहे कीं, जेवढें पांढरेपण अधिक तेवढा उजेड अधिक लागणार आणि वाढ सावकाश होणार. ही जात विकत आणून, सहा महिन्यांत वेल वाढला नाहीं म्हणून रोपवाटिकेच्या माळ्याला दोष देणारे लोक आहेत. माळ्याचा त्यांत अपराध नसतो.

कधीं कधीं उजेड चांगला असूनहि एखादी फांदी एकदम निव्वळ हिरवी निघते. अशा फांदीजवळ कमावती पानें अधिक असल्यामुळें ती इतरांपेक्षां झपाट्यानें वाढते, आणि तिला तशीच राहूं दिली तर वर्ष-दोन वर्षांत सर्व वेल हिरवा होऊन बसतो. यास उपाय एकच. त्या फांदीवर मागें मागें जाऊन पट्टे असलेलें शेवटचें पान शोधावें, आणि त्याच्या पुढें धारदार कात्रीनें कापून टाकावें. प्रत्येक पानाच्या बगलेंत एक डोळा असतो. ज्या ठिकाणीं खोडावरहि पिवळी रेघ आहे तेथल्या डोळ्यांतून पट्टेदार फांदी निघण्याचा संभव अधिक. उलट, एखादी फांदी अगदीं पांढरी निघाली तर तिचा मोह धरून ती वेगळी लावूं नये. आईपासून तोडलेली पांढरी फांदी उपाशी मरते.

पाण्याविषयीं सांगावयाचें तें थोडें आहे, पण तेंच पाळलें जात नाहीं. मनी-प्लँट तहानेनें क्वचित् मरतो. बहुतेक वेळां तो अति पाण्यानें मरतो. मुळांनाहि श्वासासाठीं हवा लागते, आणि मातींतील सर्व पोकळ्या पाण्यानें भरल्या म्हणजे मुळें गुदमरून कुजतात. कुजलेलें मूळ पाणी ओढूं शकत नाहीं. त्यामुळें वेल मलूल होतो, पानें पिवळीं पडतात, आणि घरची माणसें, बिचारा सुकला, म्हणून त्याला आणखी एक तांब्या पाणी घालतात. म्हणून पाणी घालण्यापूर्वीं बोट मातींत दोन पेरें बुडवून पाहावें. माती कोरडी लागली तरच पाणी घालावें, आणि घालतांना तें कुंडीच्या तळच्या भोंकांतून बाहेर येईपर्यंत घालावें. माती ओली असून वेल मलूल दिसत असेल तर पाणी बंद करून मुळें तपासावीं; काळीं, बुळबुळीत, वास येणारीं मुळें कापून टाकावीं आणि नव्या मातींत लावावें. उन्हाळ्यांत आठवड्यांतून दोनदां पाणी लागेल, तर आषाढ-श्रावणांत दहा-दहा दिवस लागणार नाहीं. वार ठरवून पाणी घालणें ही सोय माणसाची आहे, वेलाची नव्हे.

या ठिकाणीं कराडच्या मातीचा विचार करणें भाग आहे. कृष्णाकांठची काळी जमीन उसाला सोन्यासारखी. पण तीच माती कुंडींत भरली म्हणजे भिजली असतां चिखल आणि वाळली असतां वीट होते. शेतांत ती खोल असते, तिला गांडुळें आणि नांगर मोकळी करीत असतात. कुंडींत त्यांपैकीं कांहींच नाहीं. वाळली कीं ती कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि वरून घातलेलें पाणी त्या फटींतून सरळ खालीं निघून जातें. मुळें कोरडींच राहतात. म्हणून एक भाग माती किंवा नदीकांठचा पोयटा, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा, आणि एक भाग पूर्ण कुजलेलें शेणखत किंवा पाचटाचें खत, असें मिश्रण करावें. काथ्याचा भुसा मिळाल्यास तोहि मिसळावा. ताजें शेण घालूं नये. चहाचा चोथा, दूध-साखरेसकट, कुंडींत ओतण्याची जी संवय पुष्कळ घरीं आहे तिनें वेलाला खत मिळण्यापेक्षां मुंग्यांना मेजवानी मिळते. वर्षांतून दोनदां मूठभर गांडूळखत या वेलाला पुरे होतें.

उसाच्या हंगामांत रस्त्यांवर ट्रॉल्यांची धूळ उडते आणि शेतांत पाचट पेटविल्याची काजळी वाऱ्याबरोबर घरांत येते. ती पानांवर बसली कीं आधींच थोडा असलेला उजेड आणखी कमी पोंचतो. आठ-पंधरा दिवसांनीं ओल्या मऊ फडक्यानें पानें पुसावीं, खालीं तळहात धरून. चकाकी यावी म्हणून दूध किंवा खोबरेल तेल चोळण्याचा प्रघात वाईट. त्यानें धूळ अधिक चिकटते. पुसतांना पानांच्या बगलेंत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण समजावा. थोडे असतांनाच स्पिरिटांत भिजविलेल्या कापसाच्या बोळ्यानें काढून टाकावे. पसरल्यावर त्रास फार.

आतां बाटलीकडे येऊं. हा वेल नुसत्या पाण्यांतहि महिनेच्या महिने राहतो, आणि कांचेच्या बाटलींत त्याचीं पांढरीं मुळें पसरलेलीं दिसतात, यामुळें पुष्कळांना मातीपेक्षां बाटलीच आवडते. तिला कुंडीची घाण नाहीं, गळती नाहीं, रोज पाणी घालण्याची कटकट नाहीं. एकदां भरून ठेवली कीं पुष्कळ दिवस तिच्याकडे पाहावें लागत नाहीं. आणि दोष नेमका येथेंच आहे.

डेंग्यूचा ताप ज्या डासापासून येतो त्या एडिस डासाचें वैशिष्ट्य असें कीं त्याला गटारांतील घाण पाणी नको असतें. त्याला घरांतलें किंवा घराजवळचें, स्वच्छ, स्थिर आणि थोडेंसें पाणी पाहिजे. रांजण, पाण्याची उघडी टांकी, टाकून दिलेला टायर, नारळाची करवंटी, फ्रिजमागची पाण्याची थाळी, कुंडीखालची बशी, आणि मनी-प्लँटची बाटली या त्याच्या आवडत्या जागा होत. मादी आपलीं अंडीं पाण्यांत सोडीत नाहीं. पाण्याच्या पातळीच्या किंचित् वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला तीं चिकटवून ठेवते. पातळी वर आली, अंडीं भिजलीं, कीं आंतून अळ्या निघतात. त्यांचे कोष होतात, आणि उन्हाळी किंवा पावसाळी हवेंत आठवडा ते दहा दिवसांत पंख फुटलेला डास बाहेर पडतो. पाण्यांत डोकें खालीं करून लोंबणाऱ्या, बाटली हलवितांच वळवळत तळाशीं जाणाऱ्या या अळ्या नीट पाहिलें तर नुसत्या डोळ्यांनीं दिसतात. हा डास दिवसां चावतो, विशेषतः सकाळीं आणि सूर्यास्तापूर्वीं. त्यामुळें रात्रींची मच्छरदाणी त्याच्यापुढें अपुरी पडते. काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे, ही त्याची खूण.

स्वच्छ सर्वेक्षणांत २०२० सालीं १ लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत कराडनें देशांत पहिला क्रमांक मिळविला, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण झाडलेला रस्ता आणि वाहतें गटार यांनीं या डासाचें कांहीं बिघडत नाहीं. तो ज्या पाण्यांत वाढतो तें पाणी घरच्या माणसांनीं स्वतःच्या हातानें, हौसेनें आणि स्वच्छ भांड्यांत भरून ठेवलेलें असतें. पावसाळ्यांत आरोग्य खात्याची माणसें घरोघर येऊन भांडीं तपासतात तेव्हां त्यांना न्हाणीघर दाखविलें जातें. बैठकींतील शोभेच्या बाटलीकडे बोट दाखविण्याचें कोणाला सुचत नाहीं. डेंग्यूच्या विषाणूला मारणारें खास औषध अद्याप वैद्यांच्या हातीं नाहीं. रोग्याला विश्रांति, पुरेसें पाणी आणि जागरूक देखरेख देऊन संकट टळेपर्यंत सांभाळावें लागतें, आणि कांहीं रोग्यांत तें संकट प्राणावर बेततें. एका वेलाच्या हौसेसाठीं घरांतील लहान मुलांवर हें ओढवून घेण्याचें कारण नाहीं.

म्हणून आठवड्यांतून एक कोरडा दिवस पाळावा, असें आरोग्य खातें सांगतें. मनी-प्लँटच्या बाबतींत त्याचा अर्थ काय, तें नीट समजून घेतलें पाहिजे. नुसतें पाणी ओतून पुन्हां भरणें पुरेसें नाहीं. भिंतीला चिकटलेलीं अंडीं तशींच राहतात. तीं कोरडीं पडलीं तरी कित्येक महिने जिवंत राहूं शकतात, आणि नवें पाणी लागतांच उबतात. वेल बाहेर काढावा, मुळें वाहत्या पाण्याखालीं धुवावीं, आणि बाटली आंतून काथ्यानें किंवा लांब दांड्याच्या ब्रशानें घासावी, विशेषतः पाण्याच्या रेघेच्या वरची कड. ज्या बाटलीचें तोंड इतकें अरुंद आहे कीं ब्रश आंत जात नाहीं, ती बाटली या कामासाठीं वापरूंच नये. जुनें पाणी गटारांत न ओततां उन्हांत कोरड्या जमिनीवर ओतावें. अळ्या तेथें मरतात. भरल्यावर वेलाच्या खोडाभोंवतीं बाटलीच्या तोंडांत कापूस किंवा मलमलीचें फडकें घट्ट बसवावें. कुंडीखालच्या बशीचाहि असाच समाचार घ्यावा. पाणी घातल्यावर अर्ध्या तासानें बशी रिकामी करावी.

हें सर्व दर आठवड्याला, एकहि खंड न पडतां, ज्यांच्याकडून होईल त्यांनीं बाटली खुशाल ठेवावी. ज्यांच्याकडून होणार नाहीं, आणि बहुतेक घरांत तें होत नाहीं, त्यांनीं वेल मातींत लावावा. वेलाच्या दृष्टीनेंहि तेंच हिताचें आहे. पाण्यांत अन्नद्रव्यें फार थोडीं. दोन-तीन वर्षांत पानें लहान व फिकट होत जातात, आणि उजेडांतल्या पांढऱ्या बाटलींत शेवाळ धरतें तें वेगळें. मात्र फार दिवस पाण्यांत वाढलेलीं मुळें मातीला सरावत नाहींत. म्हणून जुना वेल उपटून मातींत खोंचण्यापेक्षां त्याचा शेंडा छाटून नवा लावणें सोपें.

हा वेल घरांतील हवा शुद्ध करतो, असें हल्लीं फार ऐकूं येतें. या समजुतीचें मूळ १९८९ सालीं अमेरिकेंतील नासा या संस्थेनें केलेल्या प्रयोगांत आहे. तेथें बंद पेटींत झाडें ठेवून विषारी वायूंचें प्रमाण मोजलें, तें कमी झालेलें आढळलें. प्रयोग खरा होता. पण राहतें घर ही बंद पेटी नव्हे. २०१९ सालीं अशा अनेक प्रयोगांचा पुन्हां हिशेब करण्यांत आला तेव्हां दिसून आलें कीं उघड्या खिडकीनें जेवढी हवा पालटते तेवढा परिणाम झाडांनीं साधावयाचा तर खोलीच्या प्रत्येक चौरस मीटरमागें निदान दहा आणि कदाचित् हजार झाडें ठेवावीं लागतील. तेव्हां वेल ठेवावा तो डोळ्यांच्या सुखासाठीं. हवेसाठीं खिडकी उघडावी.

अळवाच्या नात्याची आठवण आणखी एका कारणानें ठेवावी लागते. कच्चें अळू खाल्लें असतां घसा खाजतो, म्हणून घरोघरच्या बायका फतफत्यांत चिंच घालून तें नीट शिजवितात. ही खाज ज्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळें सुटते तेच स्फटिक मनी-प्लँटच्या पानांत व खोडांत आहेत. रांगत्या मुलानें पान चावलें तर तोंड व जीभ जळजळून सुजते. मांजराला आणि कुत्र्यालाहि तें बाधतें. म्हणून वेलाचीं टोकें मुलांच्या हाताला लागणार नाहींत इतक्या उंचीवर छाटावीं, छाटल्यावर हात धुवावे, आणि छाटलेले तुकडे ओल्या कचऱ्यांत टाकावे. गोठ्यांतील वैरणींत पडूं देऊं नयेत.

राहतां राहिली नवा वेल करण्याची रीत. आणि कराड तालुक्यांतील मनुष्याला ती शिकवावी लागूं नये. उसाची लागण करतांना बेण्याच्या टिपऱ्या करतात तेव्हां प्रत्येक टिपरीला डोळा आहे कीं नाहीं हें पाहतात. बिनडोळ्याच्या कांड्याला कोंब फुटत नाहीं. मनी-प्लँटचेंहि तंतोतंत तसेंच आहे. पानाचा देठ खोडाला जेथें मिळतो त्या गांठीशीं डोळा असतो, आणि तेथेंच तपकिरी रंगाचें बोंडासारखें हवेंतलें मूळ दिसतें. नुसतें पान देठासकट तोडून पाण्यांत ठेवलें तर त्याला मुळें फुटतील, तें महिनोन्महिने हिरवें राहील, पण त्याचा वेल कधींच होणार नाहीं. म्हणून गांठीच्या खालीं अर्धा इंच सोडून कापावें, एक किंवा दोन गांठी असलेला तुकडा घ्यावा, आणि ज्याच्या पानांवर व खोडावर रंग चांगला उतरला आहे असाच घ्यावा. वेल जसा, तसाच त्याचा तुकडा.

हा तुकडा चोरून आणला तरच लाभतो, मागून घेतलेला लाभत नाहीं, अशी एक समजूत सर्वत्र पसरली आहे. आणि एरवीं दुसऱ्याच्या दारचें लिंबूहि न विचारतां न तोडणारीं भलीं माणसें या एका बाबतींत पदराआड फांदी लपवून नेतांना दिसतात. या समजुतीनें वेलाचें नुकसान होतें तें असें: घाईघाईनें ओरबाडलेल्या फांदीला बहुधा गांठच नसते, किंवा ती चिरडलेली असते, आणि मग तुकडा कुजला म्हणजे चोरी नीट साधली नाहीं असें वाटून दुसऱ्या घरावर नजर जाते. शेजारणीला विचारलें तर ती स्वतः कात्री घेऊन येते, चांगली फांदी निवडून देते, आणि कोणत्या खिडकींत ती वाढली हेंहि सांगते.

अशी फांदी मिळाली कीं ओल्या फडक्यांत गुंडाळून घरीं न्यावी. खालचें पान काढून गांठ पाण्यांत बुडेल अशी रुंद तोंडाच्या पेल्यांत ठेवावी. पेला उजेडांत पण उन्हाबाहेर असावा, आणि पाणी दर तीन-चार दिवसांनीं बदलावें. पावसाळी उबदार हवेंत दहा-पंधरा दिवसांत मुळें दिसूं लागतात. तीं दोन इंच झालीं, त्यांहून फार लांब नाहीं, कीं वर सांगितलेल्या मातींत लावावीं. एका कुंडींत एकच तुकडा न लावतां चार-पांच एकत्र लावले म्हणजे कुंडी लवकर भरते. पहिले दोन आठवडे माती जरा ओलसर राहूं द्यावी. त्यानंतर बोटाची परीक्षा सुरू करावी. आणि पाण्याचा पेला, काम झालें म्हणजे, घासून पालथा ठेवावा.